आवाजाचे शेलपेक

आमच्या इमारतीत भांडणं जिन्यावर होत नाहीत, पाइपवर होतात. गरम पाण्याचा जाड पाइप खालच्या स्वयंपाकघरातून वर येतो, भिंतीतून शेजारच्या घरात शिरतो, आणि कुणाचं काही खटकलं की माणूस हातात असेल ते घेऊन त्याच्यावर हाणतो. बिकेन आपा पळीने हाणतात. ल्यूदा पान्याने. कैरोल्ला आगा बोटातल्या अंगठीने टकटक करतात, म्हणजे सभ्यपणे. कुणी कुणासाठी वाजवलं ते पाइप सांगत नाही, पण दोन मजले आणि आठ घरं, कळायला कितीसा वेळ लागतो.

तक्रारी ऐकायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी इंजू जेमतेम बसायला लागली होती. त्याआधी कैरोल्ला आगा इमारतीचे प्रमुख होते. गुडघे गेले तसं त्यांनी अंगणात सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "अकबोता घरीच असते." झाली निवडणूक. माझा नवरा सायात पंधरा दिवस तेलाच्या विहिरींवर असतो, पंधरा दिवस घरी. तेव्हा तो नेमका तिकडे होता. फोनवर म्हणाला, "पोर कडेवर घेऊन तू लोकांची भांडणं मिटवणार?" मी म्हटलं, "पोर कडेवर असलं की लोक शिव्या कमी देतात." आणि ते खरंही निघालं.

आगांनी घालून दिलेली पद्धत मी तशीच पुढे चालवली. शुक्रवारी आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने सात शेलपेक तळतात. पातळ पोळीच, पण तेलात टाकली की टम्म फुगणारी. ते शेजारीपाजारी वाटायचे. आठ घरांतलं आपलं वगळलं की सातच उरतात, हिशोब आयताच जुळलेला. आगांनी त्यातच आवाजाची माफी बसवली. ज्याच्या घरातून आवाज गेला त्याने येत्या शुक्रवारी तळायचे, दारोदार जायचं, आणि "आवाजाबद्दल माफ करा" म्हणून ताटली पुढे करायची. "तोंडात शेजाऱ्याची पोळी असली की शिवी बाहेर पडत नाही," असं त्यांचं म्हणणं. ल्यूदा रशियन, पण टीव्हीपायी तिलाही शेलपेक शिकावे लागले. इंजूला दात येत होते तेव्हा मी लागोपाठ कितीतरी शुक्रवार तळले. बिकेन आपा अर्धा मोडून तोंडात टाकत म्हणाल्या होत्या, "रडू दे गं पोरीला. तेवढंच बसल्या जागी खायला मिळतं."

आणि आलेली ताटली रिकामी परत जात नाही, हे तर कुणी कुणाला सांगतही नाही. ती मूठभर का होईना काहीतरी घेऊनच जाते. कुणी भरली ताटली घेऊन दारात आलं आणि आपण दार उघडलं नाही, यासारखी दुसरी लाज नाही.

तळ्यावर बर्फ धरायला लागला त्या सुमाराला माझ्या शेजारच्या घरात झोमार्त आणि उल्बोसिन भाड्याने राहायला आले. मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीला माझ्या इंजूचा पाळणा. उल्बोसिन म्हणजे 'मुलगा होऊ दे'. चौथी मुलगी झाली की हताश होऊन ठेवतात तसलं नाव. पहिल्याच दिवशी जिन्यात तिने ते स्वतःच सांगितलं आणि हसली. "झाला का मग मुलगा?" मी विचारलं. "कुठला. पाचवीचं नाव वडिलांनी ठेवलंच नाही, आईनं ठेवलं." पोरीसारखीच होती, वेण्या घालणारी, जिना उतरताना गुणगुणणारी. झोमार्त दणकट, केस पाणी लावून बसवलेले. कारखान्यातून दुपारी परत यायचा आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांना दोन्ही हातांनी हस्तांदोलन करायचा. "मुलगा संस्कारी आहे," आगा म्हणाले.

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी. मी इंजूला पाजत होते. भिंतीपलीकडे खुर्ची पडली. मग काहीतरी जड भिंतीवर येऊन आदळलं, पाळणा हलला, आणि बाई ओरडली. शब्द नव्हता त्यात. परत आदळलं, परत ओरडली. इंजूने दूध सोडून मान वळवली आणि भिंतीकडे टक लावून बघत राहिली. तेवढ्यात खालून पाइप घणघणला. बिकेन आपांची पळी. त्यांचं घर बरोबर झोमार्तच्या खाली.

पलीकडे क्षणभर शांत झालं. आणि मग ज्या आवाजाने पुन्हा सुरू झालं, तो मी ऐकला.

मी सदरा सावरला, इंजूला कडेवर घेतलं आणि जाऊन दार ठोठावलं. झोमार्तने उघडलं. श्वास चढलेला, पण चेहरा हसरा.

"या वहिनी. बाळ उठलं का? चूक झाली. कपाट सरकवत होतो."

"उल्बोसिन कुठंय?"

"तिच्या पायावर पडलं ना तेच कपाट. म्हणून ओरडली. शुक्रवारी शेलपेक पाठवतो, आगांनी सांगितलीय मला पद्धत."

त्याने इंजूच्या गालाला बोट लावलं. बोटाच्या पेरांवरची कातडी सोलली होती. मी इंजूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

शुक्रवारी उल्बोसिन ताटली घेऊन आली. उजव्या हाताने धरलेली, डावा हात स्वेटरच्या बाहीत आत ओढलेला. रुमाल भुवयांपर्यंत. "आवाजाबद्दल माफ करा," ती म्हणाली. पाठ केलेलं म्हणतात तसं. माझ्याकडे येण्याआधी ती खालच्या चारही घरांत जाऊन आली होती. प्रत्येक दारात उभी राहून तिने स्वतःच्या ओरडण्याची माफी मागितली होती, आणि प्रत्येकाने तिला आशीर्वाद देऊन शेलपेक उचलला होता.

"आत ये. चहा टाकते."

"तो वाट बघतोय."

इंजूने हात पुढे करून तिच्या रुमालाचं टोक पकडलं आणि ओढलं. पोरांचा हात असतोच तसा, चिमटीत आलं की सुटत नाही. रुमाल खांद्यावर घसरला. मानेवर चार बोटं उमटली होती, कडेला पिवळी, मधे काळीनिळी. बाहीतून बाहेर आलेल्या मनगटावर गोल गोल फोड.

"तेल उडालं," उल्बोसिन म्हणाली, मी काही विचारायच्या आत.

"मानेवर पण?"

तिने इंजूची मूठ एकेक बोट करून सोडवली. इतक्या हळू, की मलाच रडू आलं. मग जिन्याकडे बघत, ओठ न हलवता म्हणाली, "एक काम कराल? पाइप नका वाजवू म्हणावं त्यांना. पाइप वाजला की तो म्हणतो, ऐकलंस, माझी लाज काढलीस. आणि मग नव्याने सुरू करतो. नाही वाजला तर लवकर दमतो."

मी घरोघर गेले. बिकेन आपा लोकर पिंजत बसल्या होत्या.

"पाइप वाजवायचा नाही म्हणजे? माझं झुंबर हलतंय वरून. कपबशा नाचतायत."

"आपा, तो मारतो तिला."

"कळतंय की. बहिरी नाहीये मी." त्या पिंजत राहिल्या. "माझा नवरा काय फुलं वाहायचा? गेला, सुटले. नवराबायकोत तिसऱ्याने पडू नये, आयनालायीन, बाळा. रात्री ती दोघं एका पांघरुणात, आणि सकाळी वाईट तू."

"तुमची पळी वाजली की तो परत मारतो. तिनं स्वतः सांगितलं मला."

पिंजणं थांबलं. लोकरीचा पुंजका तसाच हातात. "माझ्या पळीमुळं?"

"हो."

त्या उठल्या. पळी उचलून फडताळात ठेवली आणि फडताळाचं दार लावलं.

ल्यूदा म्हणाली, "पाइप नको तर मी त्याच्या टाळक्यात घालते पाना, सांग फक्त." अंगणात होते ते सगळे हसले त्यावर. कैरोल्ला आगांनी मात्र मान हलवली. "पोरगा सुधारेल. शेलपेक वाटतोय ना दर वेळी? ज्याला माफी मागायची लाज नाही, तो माणूस बिघडलेला नसतो."

"आगा, माफी ती मागतेय."

"एकच घर ते," आगा म्हणाले.

मी आमच्या भागाच्या पोलीस शिपायालाही बोलावलं. लहानखुरा, थंडीने नाक लाल झालेला मुलगा. जिन्यातच उभा राहून विचारतो, "तक्रार कसली? आवाजाची? किती वाजता?"

"दुपारी."

"ताई, शांतता रात्रीची पाळायची असते. दुपारी कुणी भिंत फोडली तरी मला काही करता येत नाही."

"भिंत नाही फोडत तो."

त्याने दार ठोठावलं. उल्बोसिन दारात आली, मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून झोमार्त. शिपायाने विचारलं, "काही तक्रार?" ती म्हणाली, "नाही. पडले." झोमार्तने त्याला चहाला आत बोलावलं. तो गेला. आतून दोघांचं हसणं मला माझ्या पाळण्याजवळ ऐकू येत होतं. शिपायाची पाठ वळली त्या संध्याकाळी तिचं जे झालं, त्यात खुर्ची पडली नाही की ती ओरडली नाही. झोमार्त शिकला होता.

कारण त्यानंतर इमारत शांत झाली. खरोखर शांत. पाइप वाजेना, कुणी ओरडेना. अंगणात बर्फ खरवडताना लोक मला म्हणायचे, "अकबोता, काय जादू केलीस गं? तुझ्या हातात गुण आहे." आगांनी तर माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मी रोज दुपारी इंजूला झोपवताना भिंतीला पाठ लावून बसायची, तर भिंतीतून मला धक्के बसायचे. मऊ, दबलेले. उशीत ठोसा मारावा तसे. एक, मग जरा थांबून एक. त्यांच्यामध्ये नाकातून निघणारा एक बारीक आवाज, कुत्र्याच्या पिल्लाचा असतो तसा. मला आधी कळेना, बाई मार खाते आणि ओरडत कशी नाही. मग एकदा कचरा टाकायला खाली गेले असताना ती जिन्यात भेटली. तोंडाचे दोन्ही कोपरे फाटलेले, लगामाने घोड्याचे फाटतात तसे. तिने हात तोंडावर नेला, आणि मला कळलं.

"चल माझ्याकडे. आत्ता. अशीच चल."

"त्यानं सांगितलंय, तुमच्याकडे गेले तर बाळाचा पाळणा भिंतीला आहे म्हणून." तिने वाक्य अर्धंच सोडलं. पूर्ण करायची गरजही नव्हती.

मी त्या रात्री पाळणा दुसऱ्या भिंतीला नेला. सायातला फोन केला. तो म्हणाला, "दार लावून बस, मी येतो पाळी संपली की." मी म्हटलं, "तोपर्यंत ती जगायला हवी." तिकडे वारा वाहत होता नुसता, फोनमध्ये तोच ऐकू येत राहिला.

मग तो शुक्रवार. आवाज नसला तरी झोमार्त तिला दर शुक्रवारी तळायला लावायचा, सात घरांत आपलं चांगलं नाव राहावं म्हणून. दुपारी तेलाचा वास आला. इंजू नुकती झोपली होती. मग धक्के सुरू झाले. मी भिंतीला हात लावून उभी राहिले. त्या दिवशीचे धक्के वेगळे होते. मधे थांबत नव्हते. आणि तेलाचा वास करपट व्हायला लागला. कढईखाली जाळ आहे आणि कढईपाशी कुणी नाही, हे बाई माणसाला नाकानेच कळतं.

मी खाली धावले आणि बिकेन आपांना हाताला धरून वर आणलं. "काय झालं, पोरीला ताप आहे का?" त्या विचारत होत्या. मी त्यांचा तळवा भिंतीवर दाबून धरला. जुना, लोकर पिंजून खरखरीत झालेला हात. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ उभ्या होत्या असं मला वाटलं, पण नसतील. डोळे उघडले तेव्हा म्हणाल्या, "तोंड का नाही उघडत ती?"

"बोळा कोंबतो तो."

"किती दिवसांपासून?"

"पाइप बंद झाला तेव्हापासून."

बिकेन आपांनी तळवा भिंतीवरून काढला आणि स्वतःच्या झग्याला पुसला. "माझ्याकडे तिच्या दोन ताटल्या आहेत," त्या म्हणाल्या. "ल्यूदाकडेही असेल. माफीच्या ताटल्या कोण घाईनं परत करतं. आण जे काय आहे ते. भरून आण."

त्या जिन्यावरून कशा उतरल्या आणि ल्यूदाला घेऊन कशा परत आल्या मला माहीत नाही. मी डब्यातले कुर्त, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, ताटलीत ओतले. इंजू जागी झाली होती. तिला पाळण्यात उभं केलं, कठड्यावर तिचे दोन्ही हात ठेवले आणि म्हटलं, "आई आलीच." दार ओढून घेतलं. ती रडायला लागली.

झोमार्तच्या दारापाशी आम्ही चौघं जमलो. मी, बिकेन आपा, ल्यूदा, आणि मागे भिंतीला धरून कैरोल्ला आगा, पायात मोजे नसलेले. आगांना कुणी बोलावलं नव्हतं. करपट वास त्यांच्याही घरात गेला होता.

मी ठोठावलं. धक्के थांबले.

"कोण?"

"मी, शेजारची. ताटली द्यायला आलेय."

"नंतर या वहिनी."

"भरलेली आहे, झोमार्त," बिकेन आपा म्हणाल्या, गोड, लग्नघरात बोलतात तशा. "भरली ताटली घेऊन म्हातारीला जिन्यात उभं करतोस? आगा पण आलेत. तुझ्या आईला काय सांगू मी?"

आत पाणी वाहिलं. मग कडी निघाली. त्याने दार वीतभर उघडलं, केस ओले, बनियनवर छातीपाशी लाल शिंतोडे. हात ताटलीसाठी बाहेर आला. ल्यूदाने तो हात मनगटापाशी पकडला आणि सगळं अंग दारावर टाकलं.

मग जे झालं ते मी क्रमाने सांगू शकत नाही. दार त्याच्या कपाळावर आपटलं. तो मागे गेला आणि लगेच पुढे आला, आणि त्याचा ठोसा माझ्या तोंडावर बसला. ओठ दातांवर फाटला. ताटली फुटली, कुर्त जिन्यावरून गडगडत गेले. मी चौकटीपाशी बसलेच, आणि त्याने माझ्या पोटात लाथ घातली तेव्हा माझं दूध सुटलं, दोन्ही बाजूंनी, सदरा ओला झाला. भिंतीपलीकडे इंजू रडत होती. त्यांच्या घरातून ती अशी ऐकू येते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अगदी जवळ. जणू त्याच खोलीत.

कैरोल्ला आगा आत शिरले. "बेटा," म्हणाले, "बेटा, थांब." एवढंच. झोमार्तने त्यांना दोन्ही हातांनी उचलून कपाटावर फेकलं. कपाटाची कड त्यांच्या बरगड्यांत गेली आणि आतलं काहीतरी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ल्यूदा त्याच्या पाठीवर चढली होती, केस मुठीत धरून. तो तिला घेऊन भिंतीवर उलटा आपटत होता, एकदा, दोनदा, तिच्या नाकातून रक्त त्याच्या मानेवर. बिकेन आपा खाली वाकून त्याच्या गुडघ्यावर ताटलीची कड हाणत होत्या, मोजून मापून, हाडाच्या जागी, जात्याला टाकी लावावी तसं, आणि प्रत्येक फटक्याला म्हणत होत्या, "ही माझ्या पळीची. ही माझ्या पळीची."

उल्बोसिन स्वयंपाकघरात होती. हात रुमालाने पाइपलाच बांधलेले. चटका बसून मनगटं सुजलेली. तोंडात टॉवेल. एक डोळा बंद झालेला आणि डाव्या कानातून रक्ताची धार गळ्यापर्यंत. कढईतून काळा धूर. मी गुडघ्यांवर सरपटत गेले. गाठ सुटेना. दातांनी सोडवली. टॉवेल काढला तेव्हा तिने श्वास घेतला तो इतका मोठा, की मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. म्हणाली, "गॅस. गॅस बंद करा."

तेवढ्यात तो आत आला. ल्यूदा दारात पडलेली, आपा तिच्यावर. त्याने उल्बोसिनचा पाय घोट्यापाशी पकडून ओढला. मी त्याच्या हाताला चावले. आयुष्यात पहिल्यांदा माणसाला चावले, आणि सोडलं नाही. त्याचं रक्त माझ्या तोंडात आलं, माझ्या रक्तात मिसळलं. दुसऱ्या हाताने तो माझ्या डोक्यावर मारत होता, मला आठवतं, एकेक फटक्याला खिडकीतला उजेड विझायचा आणि लागायचा. उल्बोसिनने सुटा पाय उचलला आणि शेगडीला लाथ मारली. का त्यालाच मारायची होती, ती शेगडीला लागली. तिला स्वतःलाही सांगता येत नाही.

कढई कलंडली. तेल त्याच्या दोन्ही पावलांवर आलं.

झोमार्त ओरडला. इतक्या महिन्यांत त्या घरातून आलेला सगळ्यात मोठा आवाज तो होता. आणि खालून कुणीतरी पाइपवर हाणलं. ठण, ठण, ठण. शांत राहा म्हणून. कुणी वाजवला ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. खालच्या घरांतल्या कुणीही कबूल केलं नाही, आणि मी विचारत फिरले नाही. पण त्या पाइपच्या आवाजाला, तिथे, रक्तातेलात बसलेली उल्बोसिन हसायला लागली. हसता हसता ओकली. मी तिचं डोकं छातीशी धरून ठेवलं, माझ्या ओल्या सदऱ्यात. मोठं बाळ धरावं तसं.

बिकेन आपांनी उठून गॅस बंद केला. मग कणकेचा डबा आणून तेलावर पीठ टाकलं, कुणी घसरू नये म्हणून. झोमार्त भिंतीला टेकून पाय हवेत धरून बसला होता. रडत होता. "आपा, पाणी घाला," म्हणत होता, "पाणी." आपा त्याच्याकडे बघत राहिल्या. आणि मग त्यांनी घातलं. बादलीभर, हळूहळू, दोन्ही पायांवर. "माणूस आहेस म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "मी आहे म्हणून."

शिपाई आला, या वेळी आणखी दोघांना घेऊन. कुणीही आवाजाबद्दल बोललं नाही. ल्यूदा नाकाला बर्फ लावून म्हणाली, "खून होत होता. लिही." त्याने लिहिलं.

घरी आले तर इंजू पाळण्याच्या कठड्याला धरून तशीच उभी होती. रडून घसा बसलेला, आवाज निघत नव्हता, तोंड नुसतं उघडत होतं. तिला उचललं आणि तिने तोंड माझ्या गालाला लावलं. मला तिचा पापा घेता येईना. आधी चूळ भरली. परत भरली. पाणी स्वच्छ निघेपर्यंत भरत राहिले, ती कडेवरच होती, मग घेतला.

माझ्या ओठाला टाके पडले. आगांच्या बरगड्या अजून दुखतात, ते अंगणात बाकावर बसतात तेव्हा एका बाजूला कलून. त्यांच्या त्या पद्धतीबद्दल ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या शुक्रवारी आणि त्यानंतरही आवाजाचे शेलपेक कुणी तळले नाहीत. ज्याला गेलेल्यांसाठी तळायचे तो तळतो. झोमार्तचे पाय भरत आले म्हणतात. कोठडीतून सुटून तो गावाच्या दुसऱ्या टोकाला आईकडे असतो, खटला सुरू व्हायचाय. एकदा काठी टेकत आमच्या फाटकापर्यंत आला होता. सायात घरी होता, तो खाली गेला, पण त्याआधीच ल्यूदा पाना घेऊन फाटकात उभी. तो परत गेला. परत येणार नाही असं मी कुणालाच सांगू शकत नाही.

उल्बोसिन बिकेन आपांकडे राहते. तिच्या डाव्या कानाचा पडदा गेला. उजव्याने कमी ऐकू येतं. म्हणून मोठ्यांदा बोलते आणि तिला ते कळत नाही. परवा जिन्याच्या खालच्या पायरीवरून तिने मला विचारलं, "अकबोता, दूध येतंय का गं नीट, दोन्हीकडून?" सगळ्या इमारतीने ऐकलं. आगांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. बिकेन आपा रोज तक्रार करतात. "कान किटले माझे. घरात लाउडस्पीकर आणून ठेवलाय तुम्ही लोकांनी." एकदा मी म्हटलं, "मग पाठवू का तिला माझ्याकडे?" तर आपा माझ्यावरच उखडल्या. "तुझ्याकडे लहान मूल आहे. ते उठेल."

आता वकीलबाईंनी तिला सांगितलंय, न्यायाधीशांसमोर सगळं तोंडाने सांगावं लागेल, पहिल्यापासून, दुसरं कुणी सांगून चालत नाही. म्हणून दुपारी ती सराव करते. खालच्या स्वयंपाकघरात, आपांना समोर बसवून. मी इंजूला मांडीवर घेऊन थोपटत असते आणि पाइपमधून एकेक शब्द वर येतो.

"पहिल्यांदा त्याने मला मारलं ते लग्नानंतर आठवडाभराने. चहा गार होता."

"चहाचं राहू दे, मार सांग," आपा म्हणतात.

"नाही, चहाचंही सांगणार. हाताच्या मागच्या बाजूने मारलं. मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा—"

मधेच ती अडखळते, तेव्हा खालून काहीच ऐकू येत नाही. इंजूचे डोळे मिटत आलेले असतात. मग आवाज पुन्हा येतो, आधीपेक्षा मोठा. "दुसऱ्यांदा पट्ट्याने." इंजू दचकून उठते, ओठ काढते, रडायच्या बेतात येते. मी तिला खांद्यावर टाकते आणि खोलीत फेऱ्या मारायला लागते.

"झोपू दे की गं," सायात काल पुटपुटला. रात्रभर प्रवास करून आला होता, उशी डोक्यावर घेतलेली. "सांग ना तिला जरा हळू."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

त्याने उशीखालून माझ्याकडे पाहिलं, मग हात लांब केले. मी इंजूला त्याच्याकडे दिलं. खाली उल्बोसिन पट्ट्यावरून पुढे गेली होती, टॉवेलपर्यंत पोचली होती. तिथे ती दर वेळी थांबते. मी खिडकीपाशी उभी राहून वाट बघत होते, पुढचा शब्द आज तरी येतो का.